गिळलेली ओळ

१

रविवारचं जेवण उरकलं, ताट विसळून झालं, की एलिडा बेन्तान्कोर येर्बाच्या कडू काढ्याचा थर्मास काखोटीला मारून मागच्या खोलीत जायची आणि अंतराळयान चालवायला बसायची. मोन्तेविदेओतली बाकीची माणसं त्या वेळी रेडिओवर फुटबॉल ऐकत पेंगत असायची. एलिडाला फुटबॉलचा मनस्वी कंटाळा होता आणि पेंगण्याचा त्याहून जास्त.

खेळाचं नाव ‘लांबची कक्षा’. त्यात औषधालाही चित्र नव्हतं. सगळा कारभार शब्दांचा. आपण कळफलकावर लिहायचं, ‘पूर्वेला जा’, ‘झडप उघड’, ‘कॅप्टनला सलाम कर’, आणि पलीकडून वाक्यं यायची, की तू अमुक खोलीत आलीस, इथे तमुक उभा आहे, यानाच्या पोटात काहीतरी गरगरतंय. चित्रच नसल्यामुळे हा खेळ आंधळ्यांनी पार काबीज केला होता. मेक्सिकोपासून खाली चिलीच्या टोकापर्यंतचे आंधळे त्या अवकाशात गर्दी करायचे, आणि एखादा डोळस चुकून आलाच तर सगळे मिळून त्याची रेवडी उडवायचे. एलिडा जन्मापासून आंधळी. तिच्या संगणकाला पडदाच नव्हता. पडद्याच्या जागी तिनं जिरेनियमची कुंडी ठेवली होती.

वाक्यं वाचून दाखवायला एक यांत्रिक आवाज होता. त्याला ती नोटरी म्हणायची, कारण खरेदीखत वाचावं तसा तो सगळं एका दमात आणि एका सुरात वाचायचा. वेग असा, की तिच्या भावानं, विल्मारनं, एकदा ऐकून विचारलं होतं, “हे काय, लाह्या फुटतायत का?” एलिडाला त्या लाह्यांतली एकूण एक कळायची.

पण कान कितीही तयार असला तरी तीच ती वाक्यं दिवसभर कोण ऐकणार? पंखा घरघरतो. नळीतून थेंब पडतो. पंखा घरघरतो. लढाई ऐन भरात आलेली असताना नोटरी आपला थेंब मोजत बसायचा. म्हणून खेळणारे सगळेच चाळणी लावत. संगणकाला सांगून ठेवायचं, या शब्दानं सुरू होणारी ओळ आली की गिळून टाक, माझ्या कानापर्यंत आणू नकोस. ज्याची चाळणी बारीक तो चपळ, असा तिथला हिशेब होता.

त्या आठवड्यात एलिडाचा जुना संगणक एकदाचा मेला. नवा आला, नोटरी त्यात राहायला आला, कुंडी परत जागेवर आली. चाळणी मात्र जुन्याबरोबर गेली. लावू सावकाश, असं म्हणून ती तशीच खेळायला बसली.

२

‘कालांद्रिया’ हे यान एलिडानंच लिहिलेलं होतं. त्या खेळात ज्याचं यान त्यानं त्याच्या खोल्यांची वर्णनं लिहायची, नाहीतर सोबत्याकडून लिहून घ्यायची. आई गेली त्या हिवाळ्यात तिनं ते काम अंगावर घेतलं, आणि डोक्यात दुसरा कुठलाच नकाशा येईना म्हणून सरळ आपल्या घराचा उचलला. मागच्या खोलीत सुकाणू, पुढे स्वयंपाकघराच्या जागी भटारखाना, दाराच्या जागी बाहेरची झडप, आणि मध्ये लांब अरुंद बोळ. सगळं झोकात लिहून झालं. बोळाशी येऊन बोटं अडली.

घरातल्या बोळात, मागच्या खोलीतून निघालं की उजव्या भिंतीला, आईचा कोट अडकवायचा उभा स्टँड होता. त्यावर तिचे दोन लोकरी कोट, शाल, पिशव्या. त्यांना कापराचा आणि तंबाखूचा वास यायचा. आईला पुरून आल्यापासून एलिडानं त्या स्टँडला हात लावलेला नव्हता. विल्मारलाही तिनं बजावून ठेवलं होतं, की त्याला बोट लावशील तर याद राख. बोळात शिरताना ती जिभेनं एक टक् करायची. आवाज भिंतींना लागून परत यायचा, फक्त उजवीकडून एका जागी तो मऊ पडायचा, लोकरीत बुडाल्यासारखा. तिथे आली की पाय आपोआप डावीकडे सरकत. आपल्या घरात भिंत चाचपत चालणं तिला कमीपणाचं वाटे.

तर यानातला बोळ तिनं कोराच ठेवला. कोऱ्या जागेत खेळ आपणहून पंखा आणि थेंब घालायचा. तेवढं बस होतं.

त्या रविवारी बर्फाची खेप घेऊन निघायचं होतं. कॅप्टन म्हणजे ओविदियो, ताकुआरेम्बोचा, फुटबॉलपटूंचे पाय चोळून देणारा एक खुशालचेंडू आंधळा.

“सुकाणीबाई,” त्यानं खेळात फर्मान काढलं, “ग्रहाच्या कड्याजवळ पोचायला अवकाश आहे. भटारखान्यातून कॉफी आणा. आणि गेल्या खेपेसारखी माझ्या मांडीवर सांडू नका.”

“कॅप्टनसाहेब, गेल्या खेपेला यान हलत होतं.”

“यान हलत होतं कारण सुकाणीबाई कॉफी आणायला गेल्या होत्या!”

हसत हसत एलिडानं लिहिलं, ‘बोळात जा.’

नोटरीनं वाचलं: “बोळ. पंखा घरघरतो. नळीतून थेंब पडतो. बोळात कोणीतरी भिंतीला लागून उभं आहे. तू नेहमीसारखी डावीकडून निघून जातेस. भटारखाना. इथे शेगडी आहे.”

कॉफी ओतायची आज्ञा तिनं अर्धी लिहिली आणि बोटं थांबली. ती परत फिरली. परत तेच. पंखा, थेंब, भिंतीला लागून कोणीतरी, नेहमीसारखी डावीकडून.

“कॉफीचं पीक घ्यायला गेलीस का?” कॅप्टननं विचारलं.

३

खेळाबाहेरचं बोलायला एक वेगळी खिडकी असायची. एलिडानं तिथे लिहिलं, “ओविदियो, मस्करी बास. बोळात काय लिहून ठेवलंयस?”

“कुठल्या बोळात?”

“आपल्या. यानाच्या. तिथे माणूस कोण उभा केलायस?”

“अगं बाई, मला एक सरळ वाक्य लिहिता आलं असतं तर मी लोकांच्या पोटऱ्या चोळत बसलो असतो का? थांब, बघतो.” यानाचा मालक तो, त्यामुळे वर्णनांचं कुलूप उघडायची मुभा त्याला आणि तिला, दोघांनाच होती. “कोरा आहे. तू ठेवलास तसाच कोरा.”

“मग मला काय ऐकू येतं?”

“मला काय माहीत? मी माझी चाळणी काढून जातो हवं तर. हा गेलो. पंखा. थेंब. बापरे, काय कंटाळवाणा बोळ आहे हा. परत आलो. पंखा, थेंब. माणूसबिणूस कोणी नाही.”

“मी तिथे असताना जा.”

तोही प्रयोग झाला. दोघांची पात्रं बोळात एकाच वेळी उभी राहिली. ओविदियोला एलिडा दिसली, पंखा दिसला. एलिडाला ओविदियो, पंखा, थेंब, आणि भिंतीला लागून तो तिसरा.

तिला एक गोष्ट आठवली. जुन्या संगणकात पंखा आणि थेंब यांच्यासाठी तिनं वेगवेगळ्या चाळण्या लावल्या होत्या. पण त्याआधी, आई गेली त्याच हिवाळ्यात, एक दिवस वैतागून तिनं सरसकट सांगून टाकलं होतं, ‘बोळात’ या शब्दानं सुरू होणारं काहीही असो, गिळ. तेव्हा असं का सांगितलं? बोळात म्हणून सुरू होणारं असं काय होतं, की ज्याचा वैताग यावा? ते तिला काही केल्या आठवेना. म्हणजे ही ओळ आज आलेली नसेल. ती रोजच येत असेल, आणि हिनंच तिला कानाबाहेर उभं करून ठेवलं असेल.

“तुझी तब्येत बरी आहे ना?” ओविदियोनं लिहिलं. “नाही, तुझा भाऊ काळजी करतो म्हणून विचारलं.”

“माझा भाऊ तुला कुठे भेटला?”

“फोन आला होता मागे. बहीण एकटी राहते, खेळात तिची चौकशी ठेवा, काही वेगळं वागली तर कळवा म्हणाला. चांगला वाटला माणूस.”

एलिडानं कॉफी ओतली नाही. ती कॅप्टनचा निरोप न घेताच खेळातून उठली.

४

आता तिला लख्ख दिसायला लागलं. विल्मारला हे घर रिकामं हवं होतं. लास पिएद्रासला त्याच्या घरामागे एक खोली होती, तिथे एलिडानं येऊन राहावं, असं त्याचं आईला पुरून आल्यापासूनचं टुमणं. भांडून भांडून दोघांत एक करार झाला होता. एलिडा एकटी राहील, पण ज्या दिवशी ती भ्यायले म्हणून फोन करील, त्या दिवशी बॅग भरायची आणि निमूट यायचं. तिनं हसत कबूल केलं होतं. दवाखान्याच्या टेलिफोनवर दिवसभर लोकांच्या कण्हण्याला उत्तरं देणारी बाई ती, तिला कशाची भीती?

तर आता भीती पुरवायचं काम सुरू झालं होतं. ओविदियोच्या हातात कुलूप, विल्मारला घराची खडान् खडा माहिती. बोळ, उजवी भिंत, डावीकडून निघून जाणं. ही अक्कल ओविदियोची नक्कीच नव्हती.

राग आला की एलिडाला तहान लागे. ती थर्मास भरायला उठली.

बोळाच्या तोंडाशी तिनं टक् केलं. उजवीकडून आवाज मऊ होऊन आला, रोजच्यासारखा. पाय डावीकडे सरकले. आणि ती थांबली. का थांबली, तिलाही सांगता आलं नसतं. स्टँडच्या अगदी समोर, हातभर अंतरावर.

दुपार होती. खालच्या मजल्यावरचा रेडिओ गोल झाल्याचं ओरडून सांगत होता. स्वयंपाकघरात फ्रीज घुमत होता. तिनं नाक वर करून श्वास घेतला. कापराचा वास येत नव्हता. वास उडतो, तिनं स्वतःला सांगितलं, इतकी वर्षं कापूर थोडाच टिकतो. मग तंबाखूचा? तोही उडतो.

तिनं परत टक् केलं, हळूच. समोरून मऊ उत्तर आलं. कोटांची उंची किती होती? आईच्या खांद्याएवढी. हे उत्तर तर तिच्या कपाळाच्याही वरून येत होतं. आधी कधी वरच्या बाजूला टक् केलंच नव्हतं, कशाला करील कोणी?

हात लावला असता तर प्रश्न मिटला असता. तिनं हात उचललासुद्धा. आईच्या कोटाची ती खरखरीत बाही बोटांना लागणार, या विचारानंच हात खाली आला. रडू नको, तिनं बजावलं. तेवढ्यात फ्रीज घुमायचा थांबला. आपण घरात कधीपासून फ्रीज ऐकत नाही आहोत, हे तिला फ्रीज थांबल्यावर कळलं. तिच्या कानांनाही चाळणी होतीच की! जिना, नळ, फ्रीज, वरच्या बिऱ्हाडाची खुर्ची, सगळं गिळलं जात होतं. आणखी काय काय गिळलं जात असेल?

थर्मास तसाच रिकामा घेऊन ती मागच्या खोलीत परत गेली.

५

पुढचा आठवडा तिनं हेरगिरीत घालवला. कामावरून आली की ती यान उघडायची, आपल्या पात्राला बोळात नेऊन उभं करायची आणि ऐकत बसायची. चाळणी लावायची नाही, हे तिनं ठरवून टाकलं होतं. चोराला पकडायचं तर त्याला बोलू दिलं पाहिजे.

चोर फार बोलका नव्हता. पात्र चालतं ठेवलं की तीच ओळ. थांबवलं, की बराच वेळ पंखा आणि थेंब. मग एकदा नोटरी म्हणाला:

“बोळात तू थांबतेस. शेजारचा श्वासही थांबतो.”

त्याच सुरात, खरेदीखत वाचल्यासारखं. एलिडानं कानांवरचे हेडफोन काढून ठेवले. खोलीत तिचा स्वतःचा श्वास होता. तिनं तो रोखून पाहिला. मग दाराच्या पलीकडे काहीच नव्हतं, आणि ते काहीच नसणं तिला आवडलं नाही. तिनं घाईनं रेडिओ लावला. फुटबॉल होता, तरी लावला.

ओविदियोला तिनं रोज वेगळ्या तऱ्हेनं खोदून पाहिलं. तो आईची शपथ घ्यायला लागला. “मी कुलूप बदलतो, गुप्त शब्द फक्त तुला सांगतो, मग तर झालं?” त्यानं खरंच बदललं. ओळ येतच राहिली. मग तो जरा घाबरलेला वाटला, की घाबरल्याचं सोंग करत होता? लिहिलेल्या शब्दांत आवाज कापत नाही, त्यामुळे तिला ठरवता येईना.

“एलिडा, एक सुचवू का? चाळणी लावून टाक. सगळ्यांनीच लावलीय. आपल्याला काय काय ऐकू येत नाही ते कोणाला माहीत आहे? तरी खेळतोच ना सुखानं?”

“म्हणजे तुझ्याही यानात काही असेल असं तुला वाटतं?”

“मला काही वाटत नाही. मी चाळणी परत लावली त्याच दिवशी.”

हे त्यानं गमतीनं लिहिलं असावं.

शनिवारी तिनं विल्मारला फोन केला. भ्यायले असं चुकूनही म्हटलं नाही. “उद्या दुपारी ये. येताना बेकरीतून बिस्कोचो घेऊन ये, पण गोड नको, खारे. तुझ्याशी बोलायचंय.”

“काय झालं? बरी आहेस ना?”

“मी बरी आहे. तू कसा आहेस ते उद्या बघू.”

६

विल्मारकडे घराची किल्ली होती. लोहारकाम करणारा अगडबंब माणूस, बुटांचे तळवे कायम करकरणारे. एलिडा मुद्दामच मागच्या खोलीत बसून राहिली. यान उघडं होतं, तिचं पात्र बोळात उभं होतं, नोटरीला तिनं खोलीभर ऐकू येईल असं मोठ्यानं लावून ठेवलं होतं. चोराला पुराव्यासकट धरायचं तिच्या मनात होतं.

दार उघडलं. बूट करकरत बोळातून आले. मध्येच तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला, बहुधा जिन्याला शिव्या. मग बिस्कोचोच्या कागदी पिशवीचा वास आणि तिच्या केसांवर ओठ.

“लिफ्ट परत बंद आहे. तीन मजले! माझ्या गुडघ्यांचा खून होणार या घरात.”

“बस. आणि खरं सांग. ओविदियोला किती दिवसांपासून फोन करतोयस?”

विल्मार गडबडला. “एकदाच केला होता. त्यात काय चुकलं? तू आजारी होतीस, फोन उचलत नव्हतीस.”

“आणि बोळातला माणूस कोणी घातला? तू का त्यानं?”

“कुठला माणूस?”

तिनं सगळं सांगितलं. सांगता सांगता आवाज चढला. “लाज नाही वाटत? घरातल्या बोळात मी कशी चालते, कुठे वळते, हे त्या परक्या माणसाला सांगितलंस! मला भिववून बाहेर काढायचं म्हणून आईच्या कोटांचासुद्धा खेळ केलास!”

“थांब थांब. कुठले कोट?”

“आईचे! बोळातल्या स्टँडवरचे!”

विल्मारनं हातातला बिस्कोचो पिशवीत परत ठेवला.

“एलिडा,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम बारीक झाला, “स्टँड कुठे आहे तिथे? तो मी नेला ना.”

“काय नेलास?”

“आई गेली त्याच हिवाळ्यात. तू कामावर होतीस. तू हात लावू देत नव्हतीस, आणि त्या कोटांना कसर लागली होती, किडे पडले होते. तुला सांगितलं असतं तर तू माझं डोकं फोडलं असतंस. टेम्पो आणला आणि सगळं घेऊन गेलो. मग वाट बघत होतो, आज ओरडेल, उद्या ओरडेल. तू चकार शब्द काढला नाहीस. मला वाटलं, तुझ्या लक्षात आलं, आणि तू मोठ्या मनानं गप्प बसलीस. मी बायकोला म्हणालोसुद्धा, बघ, माझी बहीण समजूतदार आहे.”

“खोटं बोलतोस.”

“आईशप्पथ. माझ्या गोठ्यात पडलाय तो स्टँड. त्यावर मी घोड्याचे लगाम टांगतो.”

एलिडाला स्वतःचे पाय आठवले. सकाळी कामावर जाताना, संध्याकाळी येताना, थर्मास भरताना, अंघोळीला जाताना, त्या डाव्या भिंतीकडे सरकणारे. इतकी वर्षं ती न चुकता कोणाला तरी वाट देत आली होती.

“तिथे काहीतरी आहे,” ती म्हणाली. “मला ऐकू येतं. टक् केलं की मऊ लागतं.”

“काही नाही गं. मी आत्ताच आलो ना त्यातून? रिकामा बोळ आहे. थांब, दिवा लावून बघतो, म्हणजे तुझं समाधान होईल.”

दिव्याचं बटण पार पुढे, दाराजवळ होतं. तिनं त्याची बाही धरली, पण तो उठलेला होता. तो बोलत बोलत गेला, मोठ्यानं, लहान मुलाची समजूत घालावी तसा, त्यामुळे त्याच्या पावलांकडे तिचं लक्ष राहिलं नाही. “हा बघ, चाललो. भिंत आहे. जमीन आहे. तुझ्या चपला आहेत. काही नाही. हा लावला दिवा. एकदम रिकामा. आता मी उभा आहे बोळात, एकटा, ऐकतेस ना?”

कुंडीच्या मागून नोटरी म्हणाला:

“बोळात आता दोघं आहेत.”

७

“विल्मार,” एलिडा म्हणाली, “इकडे ये.”

“अगं, काही नाही म्हटलं ना—”

“इकडे ये. बोलू नकोस. नुसता चालत ये.”

तिच्या आवाजात असं काहीतरी होतं, की तो गप्प झाला. तिनं हात लांब करून नोटरीचा आवाज बंद केला. रेडिओ बंदच होता. तिनं सगळं लक्ष कानांत गोळा केलं आणि आतली जेवढी दारं बंद होती तेवढी सगळी उघडली. फ्रीज आला, नळ आला, वरची खुर्ची आली. आणि बोळातून तिच्या भावाचे बूट यायला लागले, करकर, करकर, बोळाच्या मधोमध, सरळ रेषेत.

मग एक करकर तिरकी झाली. बूट भिंतीकडे घासला गेला, तिच्या डाव्या हाताच्या, म्हणजे त्याच्या उजव्या भिंतीकडे. त्याचं जॅकेट चुन्याला खरडलं. अंग चोरून, पोट आत घेऊन, बसमधल्या गर्दीतून पुढे सरकावं तसा तो दोन पावलं आडवा चालला, आणि हळू, सवयीच्या स्वरात म्हणाला, “जरा जाऊ द्या.”

पुन्हा सरळ करकर. पुन्हा बिस्कोचोचा वास. तो खुर्चीत बसला आणि खुर्ची कण्हली.

“बघ,” तो म्हणाला. “रिकामा आहे.”

एलिडानं विचारलं, “मध्येच बाजूला का झालास?”

“बाजूला? मी? छे. सरळ आलो.”

“आणि जाऊ द्या कोणाला म्हणालास?”

“मी कशाला काय म्हणू? तूच तर म्हणालीस, बोलू नकोस.” तो हसला. खरं हसला. ज्याला काहीच ऐकू आलेलं नाही अशा माणसाचं हसणं ते. त्याच्याबद्दलचा सगळा संशय तिच्या मनातून त्या क्षणी गळून पडला, आणि तिला फार वाटलं, की तो गळायला नको होता. आपला भाऊ लबाड आहे, एवढंच जर खरं असतं तर किती बरं झालं असतं!

ती उठली. कपाटाच्या तळातून बॅग ओढली आणि हाताला येतील ते कपडे भरायला लागली. हे घर तिचं होतं. याच्यासाठी ती भावाशी, भावजयीशी, दवाखान्यातल्या कनवाळू बायकांशी इतकी वर्षं भांडली होती. आता भांडायला तिच्या अंगात त्राण राहिलं नव्हतं.

“मी भ्यायलेय,” ती म्हणाली. “करार आहे ना आपला? चल.”

विल्मार आनंदला हे तिला कळलं, आणि त्या आनंदाची त्याला लाज वाटतेय हेही कळलं. “खरंच? आत्ता? अगं, सावकाश आवर, घाई काय आहे? चल, दे ती बॅग. धर माझा हात.”

एलिडानं घरात आजवर कोणाचा हात धरला नव्हता. तिनं त्याचं कोपर दोन्ही हातांनी धरलं. खोलीच्या दाराशी येऊन ती थांबली. तिनं टक् केलं नाही.

“विल्मार, आपण कुठून जायचं?”

“कुठून म्हणजे? या बोळातून.” तो तिला हलकेच पुढे ओढत म्हणाला. “दुसरा रस्ता आहे का?”